होडीचं ठिगळ

आई, आबांची होडी परवा विकली. एका दलालामार्फत वेंगुर्ल्याच्या एका बाईंनी नेली. तुझ्या वेळी दलाल म्हणजे वडगावच्या जनावरांच्या बाजारातला, रुमालाखाली बोटं दाबून भाव ठरवणारा. हा दलाल मुंबईतला एक तरुण मुलगा. जुन्या शिडाच्या होड्यांचे फोटो इंटरनेटवर टाकतो आणि गिऱ्हाईक गाठून देतो. मी त्याला अजून पाहिलेलं नाही, नुसता आवाज ऐकलाय. आबा मागच्या थंडीत गेले. होडीनं अडवलेली परड्यातली जागा तुझ्या धाकट्याला गोठा वाढवायला हवी होती, म्हणून मी फोटो पाठवले. मुलाचा लगेच फोन. "मॅडम, डाव्या बाजूला फळीचं ठिगळ दिसतंय. कशाला धडकली होती का?" मी फोन दुसऱ्या कानाला लावला. तोच म्हणाला, "खडकाला लागली होती, असं टाकतो. लोकांना ते समजतं." मी बरं म्हटलं. फोन ठेवला.

ते ठिगळ ज्या दिवसाचं, तो दिवस तुला सांगायची गरज नाही, पण त्याचा धरणावरचा भाग तू पाहिला नव्हतास. नेव्हीतून सुटल्यावर आबांनी ती होडी ट्रकवर घालून मुडशिंगीत आणली, तेव्हा गाव हसलं होतं. "काय पावणं, उसात चालवायची काय?" आबा हसले नाहीत. रविवारी जीपला गाडा जोडून ते ती धरणावर न्यायचे. धाकट्याला सोबत घ्यायचे, मला काठावर डब्याजवळ बसवायचे. पोरींनी होडीत पाय ठेवायचा नाही. त्या दिवशी वारा फिरला. शीड एका बाजूचं दुसऱ्या बाजूला फाडकन आलं आणि धाकट्याच्या हातातली दोरी सुटली. एवढंच झालं. आबांनी सुकाणूचा दांडा उपसला आणि त्याच्या कोपरावर घातला. पाण्यावरून आवाज स्वच्छ येतो, आई. ओली फांदी मोडावी तसा आवाज आला. पोरगं ओरडलंसुद्धा नाही. परतताना जीपमध्ये तो सदऱ्याची कॉलर दातांत धरून बसला होता आणि आबा त्याला म्हणत होते, "पडलो म्हणायचं."

तू भाकरी थापत होतीस. तो म्हणाला, "पडलो." मी म्हटलं, "न्हाय आई, आबांनी मारलं." आबांचा उलटा हात माझ्या तोंडावर बसला आणि मी चुलीच्या कडेला जाऊन आपटले. आपल्याकडे मार नवा नव्हता. मीठ जास्त झालं म्हणून तू मार खाल्ला होतास, कमी झालं म्हणूनही. पण त्या दिवशी तू तवा उतरवलास, पिठाचे हात कोपरापर्यंत नीट धुतलेस, पदराला पुसलेस आणि खोपीतली कुऱ्हाड घेऊन परड्यात गेलीस. पहिला घाव होडीवरून निसटला. दुसरा बसला. आबा धावत आले, त्यांनी मागून तुझा अंबाडा धरला आणि मान मागं ओढली. तू वळलीसुद्धा नाहीस. कुऱ्हाडीचा मागचा बोथट तुंबा तसाच मागं हाणलास, त्यांच्या बरगडीत. ते मटकन खाली बसले. मग तू लाकडात भोक पडेपर्यंत घाव घालत राहिलीस, आणि धापा टाकत म्हणालीस, "माझ्या पोराचा हात मोडलासा. ह्यो घाव लाकडावर घातला. पुढचा कुठं पडंल, ते मी सांगणार न्हाय." मग शेजारच्या दूधवाल्याच्या फटफटीवर मागं धाकट्याला धरून बसलीस आणि कोल्हापुरात नेऊन त्याचा हात प्लास्टरमध्ये घालून आणलास. कुऱ्हाड होडीतच रुतलेली होती. ती काढायला कुणी पुढं झालं नाही.

त्यानंतर आबांचा हात घरात कुणावर उठला नाही. खोकला आला की बरगडी धरायचे. महिनोन्‌महिने तुझ्याशी बोलले नाहीत, पण रोज होडीपाशी बसून फळी तासायचे. दांडा त्यांनी स्वतःच मोडून चुलीत घातला आणि नवा केला. माफी कधी मागितली नाही. ठिगळ बसलं, मग एकटेच धरणावर जायला लागले. तू काविळीनं गेलीस तेव्हाही धाकट्याचं कोपर सरळ होत नव्हतं. आजही होत नाही.

होडी बघायला बाई येणार, त्याच्या आदल्या दिवशी दुपारी मी मुडशिंगीला गेले. धाकटा परड्यात डिझेलचा कॅन होडीत ओतत होता. मी म्हटलं, "अरे, करतोस काय?"

"इकायची कशाला, आक्का? पेटवू की. आबा जळलं, आता हिला बी जाळू."

"उद्या गिऱ्हाईक येतंय."

"म्हंजे आणखी कुणाच्या तरी पोराला बसवायला देणार व्हय ही?"

त्यानं काडेपेटी काढली. मी हाताला झोंबले. त्यानं झटका दिला आणि ते वाकडं कोपर माझ्या ओठावर बसलं. तोंडात रक्ताची चव आली आणि मला काही दिसेनासं झालं, आई. वल्हं हाताला लागलं, ते उचललं आणि त्याच्या मांडीवर घातलं. तो कोसळला. पुन्हा घातलं, पाठीवर. भावजय गोठ्यातून किंचाळत आली. "आक्का, मरंल त्यो!" तिसऱ्यांदा वल्हं वर गेलं तेव्हा पन्नाशीला टेकलेल्या माझ्या भावानं दोन्ही हात तोंडापुढं धरले, लहानपणी धरायचा तसेच. डावा हात अर्ध्यातच अडला.

वल्हं माझ्या डोक्यावर तसंच राहिलं. "मार की," तो म्हणाला. "थांबलीस का?" मी ते लांब फेकलं आणि त्याच्या शेजारी चिखलात बसले.  भावजयीनं बर्फ आणला, अर्धा मला, अर्धा त्याला. मग आम्ही दोघांनी साबणाच्या पाण्यानं होडीतलं डिझेल धुऊन काढलं.

बाई सकाळी आल्या. माझ्याच वयाच्या, उन्हानं रापलेल्या. समुद्रावर मुलांना शिडाची होडी शिकवतात. त्यांनी माझा सुजलेला ओठ पाहिला, लंगडणारा धाकटा पाहिला. ठिगळावरून हात फिरवला आणि म्हणाल्या, "हे काही खडकाचं वाटत नाही."

मी सांगून टाकलं. आईनं कुऱ्हाड घातली होती. का घातली तेही सांगितलं. धाकट्यासमोर हे मी कुणाला पहिल्यांदाच सांगत होते. त्यानं मान वर केली आणि बाईंना विचारलं, "तुमच्याकडं पोरं चुकली तर काय करता?"

"मी कशाला काय करू? भिजतात," बाई म्हणाल्या. "मग परत चढतात."

 धाकटा उठला, लंगडत गेला आणि गाडा ओढायला ट्रॅक्टर घेऊन आला.

पाण्यात घालून बघितल्याशिवाय त्या घेणार नव्हत्या, म्हणून आम्ही धरणावर गेलो. धाकटा काठावर पाण्याकडं पाठ करून बसला. बाई मला म्हणाल्या, "चला, वजनाला कुणीतरी लागतं." मी नको म्हणेपर्यंत आत होते. थोडं पुढं गेल्यावर शीड भरलं, होडी एका अंगावर कलली आणि पाणी माझ्या बोटांना लागून सळसळत मागं पळायला लागलं. बाईंनी सुकाणूचा दांडा माझ्या हातात दिला. होडी ऐकत होती, आई. मी जिकडं म्हणेन तिकडं वळत होती.

हे सगळं लिहिलं खरं, पण तुला पाठवायचं कुठं? आणि पाठवता आलं असतं तरी बहुतेक हा शेवटचा भाग मी फाडून ठेवला असता. काठाला आल्यावर धाकट्यानं विचारलं, "भ्यालीस काय गं?" मी म्हटलं, "व्हय, लई." खोटं बोलले. मला उतरावंसंच वाटत नव्हतं.