अक्काचं ग्राफिक कार्ड

३ ऑगस्ट, रवि.
डोळ्यांच्या डॉक्टरांनी अण्णांना स्पष्टच सांगितलं. गेलेली नजर येणार नाही, आहे ती जपा. कारखान्यातला एकेक टॉवेल आजवर वडिलांच्या याच नजरेखालून गेलाय. हल्ली माल परत येतोय, तुटक्या धाग्यांचा. घरात कुणी काढत नाही विषय. शेवटी जेवताना अक्काच बोलली. पॉलिटेक्निकला कॉम्प्युटर शिकवते ती. "कॅमेरा लावू, अण्णा. चूक ओळखायला कॉम्प्युटरला मी शिकवते."
अण्णा ताटावरून उठले.

९ ऑगस्ट
सात रस्त्यावरच्या दुकानातून ग्राफिक कार्ड आणलं, कॉम्प्युटरला फोटो ओळखायला शिकवायचं तर ते लागतं म्हणे. विटेसारखं जड. अक्काच्या लिनक्सवाल्या कॉम्प्युटरवर ड्रायव्हर, म्हणजे कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर, टाकला, मशीन रीस्टार्ट केलं, स्क्रीन काळी! अक्का शांत.
"सिस्टीमचा स्वतःचा ड्रायव्हर कार्ड धरून बसलाय. दोघं भांडतायत."
नुसत्या अक्षरांच्या स्क्रीनवर गेली, सिस्टीमचा ड्रायव्हर बंद केला, आपला परत टाकला. चित्र आलं. मी टाळ्या वाजवल्या. तिनं वर बघितलंसुद्धा नाही.

१० ऑगस्ट
आज टूलकिट. म्हणजे कार्डाकडून आकडेमोड करून घेणारं सॉफ्टवेअर. परत एरर. पुण्याहून कुणाला तरी बोलवू म्हटलं.
"कशाला? काय बिघडलंय ते तेच सांगतंय की. वाचायचं."
लाल ओळी दिसल्या की मी विंडो बंद करतो. ही खुर्ची पुढं ओढते. टूलकिट नवं, ड्रायव्हर त्यामानानं जुना. जुळणारं आधीचं टूलकिट शोधून टाकलं. चाचणी पास!! काय बाई आहे.
अण्णा दारातून, "झालं का तुमचं?" उत्तराला थांबले नाहीत.

१७ ऑगस्ट
आठवडाभर अक्कानं चुकलेल्या टॉवेलांचे फोटो कॉम्प्युटरला दाखवले. आज एमआयडीसीतल्या कारखान्यात, आमच्याच मागाचा ताजा टॉवेल कॅमेऱ्याखाली. स्क्रीनवर एका धाग्याभोवती लाल चौकट आली. अण्णा नाक टेकेपर्यंत वाकले.
"मला काय दिसंना."
अक्कानं त्यांचं बोट धरून टॉवेलवर नेमकं तिथं ठेवलं. चाचपलं त्यांनी.
"व्हय. तुटलाय की."
मग मी विचारलं, उद्यापासून कॅमेरा लावायचा का? "बघू," म्हणाले. पुढचा टॉवेल स्वतः उचलला. कॅमेऱ्याखाली नाही ठेवला. मांडीवर घेऊन दोन्ही हातांनी चाचपत बसले. अक्का शेजारी जाऊन बसली.