ज्ञानबाशी डाव

८ नोव्हेंबर, शनिवार
जोड्या लागल्या. सत्तर माणसं स्पर्धेत, आणि उद्या माझ्यासमोर कोण — ज्ञानबा! आमच्याच क्लबातला. मार्केट यार्डात तोलार आहे. चार वर्षं दर रविवारी मी त्याच्याशीच बुद्धिबळ खेळते. पोस्टातून निवृत्त झाल्यापासून मी मनापासून बोलते ते या एकाच माणसाशी.

९ नोव्हेंबर
जिंकले. लाज वाटतेय.

क्लबात आम्ही घड्याळ लावत नाही. खेळी झाली की ज्ञानबा नुसतं म्हणतो, "हं म्याडम." मग माझी पाळी. आज माझा वजीर गेला होता, हरणारच होते. त्याची सात मिनिटं उरलेली. त्याने हत्ती सरकवला, सवयीने "हं म्याडम" पुटपुटला आणि हाताची घडी घालून बसला. घड्याळाचं बटण दाबायचंच विसरला! विचार मी करतेय आणि वेळ त्याची पळतेय. नुसतं बोट दाखवलं असतं तरी पुरे होतं. मी डोकं धरून बसले. पूर्ण सात मिनिटं! त्याची वेळ संपली, म्हणजे डाव माझा. मग मीच पंचांना हाक मारली.

"असू द्या की. माजीच चूक," म्हणाला. वर हात मिळवला.

१६ नोव्हेंबर
ज्ञानबा आला नाही. पट मांडून दीड तास बसले.

१९ नोव्हेंबर
आज दिवसभरात एक शब्द बोलले नाही. दूधवाल्याला पिशवी दाराला अडकवायची सवय मीच लावली. कशाला लावली?

२३ नोव्हेंबर
आला! करकंबला बहिणीकडे गेला होता म्हणे. रागबिग काही नाही. माझ्यासाठी शेंगांची चटणी आणली. "तुमी विचारात लई बुडाला हुता. तुमाला तरी कुटं दिसनार घड्याळ?" — उलट मलाच समजावत होता! मग राहवेना. सांगून टाकलं. दिसत होतं मला, पहिल्या मिनिटापासून.

उठून गेला.

२४ नोव्हेंबर
सकाळी दारात ज्ञानबा. घरी पहिल्यांदाच. स्पर्धेत प्रत्येक खेळी कागदावर लिहावी लागते, तो त्याचा कागद खिशातून काढला. "हितनं पुढं खेळायचं." मोहरे त्या दिवशी होते तसे मांडले. नऊ खेळ्यांत मात दिली मला.

चहा ठेवते म्हटलं.

"नको म्याडम. डाव पुरा झाला," म्हणाला. चपला घातल्या. "आता खेळायला दुसरं कुनीतरी बघा."