खात नाही, लावते

मी, गल्लीत गाद्यावाली म्हणून ओळखली जाणारी, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत, कुणाच्याही दबावाशिवाय आणि भरपूर रागात लिहून ठेवते. रागात लिहिले म्हणजे डोके ठिकाणावर नव्हते, असा कांगावा माझ्यामागे कुणी करू नये.

१. मला अपत्ये दोन. थोरली मुलगी, मृत जन्मलेली. धाकटा मुलगा, हयात. वकील म्हणाले, मुलीचा उल्लेख नको. मी म्हटले, मृत्युपत्र माझे आहे.

ती पोटात असताना मला उलट्या होत. नणंदेने मिश्रीची डबी पुढे केली. "लाव चिमूटभर, मळमळ पळते." दवाखान्यात विचारले, "तंबाखू खाता का?" मी ठणकावून नाही म्हणाले. तंबाखू पुरुष खातात, मिश्री आपण दाताला लावतो, अशी आमच्या घरची भाषा. मिश्री म्हणजे भाजून कुटलेली तंबाखूच, पण ते कुणाच्या तोंडी नव्हते. बाळंतपणानंतर डॉक्टरीणबाईंनी माझे काळे दात पाहिले आणि कपाळावर हात मारून घेतला. लावलेली तंबाखूही रक्तात उतरते, बाळाला पोचणारे रक्त कमी होते; मूल अपुऱ्या दिवसांचे, अशक्त किंवा मेलेले जन्मण्याचा धोका वाढतो, असे त्या म्हणाल्या. घरी सांगितले तर सासूबाई फणकारल्या, "आम्हाला नाही ते काही झालं!"

२. राहते घर एकट्या सुनेला. तिला सहावा महिना आहे. परवा मोरीपाशी तिचे बोट काळे दिसले. "आई, खात नाही हो मी, आत्यांनी लावायला दिलीय." माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मुलगा शेजारीच होता. म्हणे, "बायकांच्या गोष्टीत मी काय बोलू?" बोलू नकोस. घराबद्दलही बोलू नकोस.

३. शिलाई मशीन, कात्री, दाभणे सुनेला. मिश्री भाजायचा तवा भंगारात. त्यावर कुणाचाही हक्क नाही.

४. याच घराची मागची खोली नणंदेला तहहयात राहायला. तिला मूलबाळ नाही, आणि मी तिला रस्त्यावर काढणारी नव्हे. मात्र सुनेपुढे पुन्हा डबी धरली, तर हक्क त्याच दिवशी संपला. वन्सं, रडून उपयोग नाही.

५. सुनेने उद्या तपासणीला जाऊन, कुणी विचारायच्या आत "मी मिश्री लावते" असे सांगावे. सुटत नसेल तर तिथेच मदत मागावी, लाजू नये. या कलमासाठी माझ्या मरणाची वाट पाहू नये. हे आजपासून लागू.

वरील मजकूर सर्वांना वाचून दाखवला. नणंद म्हणाली, "माझी दोन पोटातच गेली. ती पण यानेच का गं?" उद्या तिलाही नेते आहे, तिने तिथल्या डॉक्टरीणबाईंनाच विचारावे. माझा राग गेलेला नाही.

सही: गाद्यावाली
साक्षीदार: १. शेजारचा सुतार २. समोरची शिक्षिका
ठिकाण: राहते घर, पुढची खोली
तारीख: सुनेच्या तपासणीचा आदला दिवस