उगवतीकडे वळवलेल्या पणत्या

बाई, तुम्हाला जाऊन बरीच वर्षं झाली आणि मी अजून भाषणं करते. पनवेलमध्ये कुठे माईक लागला की लोक मला शोधतात, आणि मलाही ते आवडतं. ही सवय तुम्हीच लावलीत. शाळा सुटली की तुम्ही घरी भाकरी थापायचात आणि मी तुमच्या स्वयंपाकघरात उभी राहून वादविवादाची तयारी करायचे. ढाल जिंकून आले त्या दिवशी तव्यावरून नजर न उचलता तुम्ही म्हणालात, "जिंकलीस. पण समोरच्या मुलीला रडवलंस, ते विषयात होतं का?" मी रागाने न जेवता निघून गेले होते.

आज सांगायचंय ते तुमच्या मागे आलेल्या एका दिवाळी पाडव्याचं. विमानतळ येणार, येणार म्हणून गावोगाव जमिनीच्या गप्पा चालल्या होत्या, आणि तळ्याकाठच्या दवाखान्यात अपुऱ्या दिवसांच्या बाळांसाठी काचेची एकच पेटी होती. दुसरी घ्यायची म्हणून आम्ही दीपोत्सव ठरवला. देणगी देणाऱ्याने तळ्याच्या पायरीवर आपल्या हाताने पणती लावायची. दवाखाना पलीकडच्या काठावर. तिथल्या आजाऱ्यांना ज्योती समोरून दिसाव्यात म्हणून प्रत्येक पणतीची चोच त्याच्याकडे करायची, ही कल्पना माझी. खांदा कॉलनीतल्या पोरींनी दुपारभर बसून पणत्या मांडल्या. ती दक्षिण आहे, हे आमच्यापैकी एकीच्याही डोक्यात आलं नाही.

दिवेलागणीला करंजा, गव्हाण या गावांतल्या बायका पायरीवर येऊन थबकल्या. "ही दक्षिण हाय गो!" रांग मागे सरकली, शहरातल्या बायकाही कुजबुजू लागल्या. दिवेच लागले नाहीत तर पेटी कुठली येणार? मी माईक घेतला. दिव्याला दिशा नसते, ज्योत चारी बाजूंना उजेड देते, हे ठणकावून सांगितलं. ते बरोबरच होतं, आजही आहे. पण तिथे थांबले नाही. "पणतीच्या चोचीला घाबरणाऱ्यांनी बाळं वाचवायच्या गोष्टी करू नयेत!" आवाज तळ्यापलीकडे आपटून परत आला.

रांगेतून एक म्हातारी कोळीण पुढे येते. माझ्यासमोर उभी राहते.

"माजा नातू त्याच पेटीत हाय. तीन दिवसांचा. यमाचा दिवा धनतेरसला लावलाय आमी. आज परत त्याला कशाला वाट दावतेस?"

"आजी, दिव्याला दिशा नसते."

"नसते ना? मंग वलव उगवतीला. तुजं काय जातंय बाय?"

बायका खळखळून हसल्या. मी माईक खाली ठेवला. चप्पल काढून पायरीवर बसले आणि पहिली पणती वळवली. मग सगळ्याच वाकल्या. तळं उजळलं, दुसरी पेटीही आली. दिशेबद्दलचं माझं मत तसूभर बदललेलं नाही. तरी पणत्या आम्ही दरवर्षी उगवतीकडेच मांडतो.

हा किस्सा मी सभांमधून सांगते, टाळ्या घेते. त्यातलं चोचीचं वाक्य मात्र गाळते. हे पत्र कुठे धाडायचं नाही, म्हणून तुम्हाला सांगते. त्या आजीची माफी मी मागितली होती, बाई. पण माईक खाली ठेवून, तिच्या कानाशी वाकून. अपमान अख्ख्या तळ्याने ऐकला होता.