माझ्या पाण्यात मोरचूद

४ फेब्रु. २०१४
प्र. आपल्या बाबांना, म्हणजे माझ्या सासऱ्यांना, दवनीवाड्याहून घेऊन आला. उद्या त्यांच्या डाव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन. सोबत पाण्याची मोठी कॅन, घरच्या विहिरीची. लग्नाला आठ वर्षं झाली, पण सासर हिंदू शेतकऱ्यांचं आणि मी बौद्धांची. माझ्या हातचं पाणी अजून चालत नाही. डबा नणंद पाठवणार. प्र. म्हणे, "चार दिवस सांभाळून घे." सांभाळूनच घेतेय, दुसरं काय.

माझ्या खाऱ्या पाण्याच्या काचेच्या टाकीतलं लाल मशरूम कोरल, समुद्रातला फुलासारखा दिसणारा जीव, तळहाताएवढं फुललंय. नागपूरहून आणलं तेव्हा शर्टाच्या बटणाएवढं होतं. मीठ मोजून, पाणी बनवून वाढवलंय मी.

७ फेब्रु.
काल पट्टी निघाली. सासऱ्यांना आता भिंतीवरची मुंगीही दिसते. माझ्याशी थेट बोलायचं नाही हा नियम. प्र.ला म्हणाले, "तिले सांग, काचीवर शेवाळ मातलं हाय." मातलं असेल. शाळा, पेपर, घर. काच कधी घासू?

८ फेब्रु.
पेपर बाजूला ठेवून आधी हे लिहिते.

शाळेतून आले तर टाकीतला झिंगा उलटा पडलेला. गोगलगायी तळाला. सगळे मशरूम आक्रसून गोळा झालेले, अंगातून चिकट सुटलेलं. आणि पाण्यात फडक्याची पोटली लोंबत होती. आत निळे खडे. मोरचूद. तांब्याचं विष. या जिवांना त्याचा कणही पुरतो.

सासरे प्र.कडे बघून म्हणाले, "धानाच्या बांधीत पाण्यावर शेवाळ आलं का आमी हेच करतो. तिले सांग, चांगल्यासाठीच टाकली. मले ते फुलं वाटले."

मी ओरडले. "माझ्या हातचं पाणी चालत नाही, मग माझ्या पाण्यात कोपरापर्यंत हात घालायला कसा चालला?"

प्र. म्हणे, "हळू बोल न, शेजारी ऐकून राहिले." ऐकू दे. आठ वर्षं हळूच बोलले.

९ फेब्रु.
मशरूम खरवडून नव्या पाण्याच्या बादलीत काढले. बरेचसे शेंबडासारखे विरघळले. लाल तेवढं बोराएवढं उरलंय, तेही जगेल का कोण जाणे. टाकीतले दगड कामातून गेले, त्यांच्यात तांबं मुरतं.

सासरे सकाळच्या बसने गेले. कॅन घेऊन. प्र. बोलत नाही. काल झोपताना एवढंच म्हणाला, "बाबांची चूक झाली, तू वचपा काढला." हो, काढला. वचपा काढायला तरी कधी मिळालं होतं?

सगळ्यात जास्त राग याचा येतो, की आठ वर्षांत त्या माणसाने माझ्यासाठी पहिल्यांदा काही केलं. आणि ते हे.

१४ फेब्रु.
बादलीचं पाणी बदललं. लाल तसंच मिटलेलं. फेकवत नाही. प्र. आता बोलतो, पण भाजी आणि गॅसपुरतं.

२३ फेब्रु.
पुढच्या आठवड्यात सासऱ्यांचा उजवा डोळा. प्र. दोन दिवस माझ्या मागेपुढे. "आणू न त्यांना?" मीच फोन लावला. सासऱ्यांना मी कधी फोन केला नव्हता.

म्हटलं, "बाबा, या. पण पाण्याची कॅन आणायची नाही. या घरात पाणी एकच आहे."

मागे कोंबड्यांचा आवाज. मला वाटलं, फोन तसाच ठेवून गेले.

मग म्हणाले, "तुये ते जीव... एखांदा जगला का?"

मला विचारलं. प्र.ला मध्ये न घालता.

लाल कालच बादलीत थोडं उघडलंय. सांगता आलं असतं. तोंडाशी आलंही होतं.

"कॅन आणायची नाही," मी परत म्हटलं, आणि फोन ठेवला.