डचेस खुडूक बसली

२७ जुलै, सकाळ
डचेस खुडूक बसली. खुराड्याच्या कोपऱ्यात, पिसं फुगवून, खाली एकही अंडं नसताना उबवत. म्हणजे अंडी घालणं बंद. हात घातला तर चोच मारते. गावचं प्रदर्शन चोवीस ऑगस्टला. ‘तपकिरी अंडी, एका बशीत तीन’ या वर्गात यंदा पहिला नंबर मला हवाच आहे, आणि तपकिरी घालणारी ही एकटीच. बाकीच्या दोघी पांढरी घालतात.

गेल्या वर्षीचं मी विसरलो आहे. शेजारचा हम्फ्री पाद्रीबाबांसमोर माझ्या बशीकडे बघून म्हणाला होता, “तलंगीची, कोवळ्या कोंबडीची दिसतात. एवढुशी आहेत.” त्यानंतर मी त्याच्याशी एक शब्द बोललेलो नाही. मनात मात्र काही नाही.

२९ जुलै
उपाय सुरू. बादलीभर गार पाण्यात कोंबडीचं पोट बुडवायचं. वडिलांची पद्धत. अंगातली ऊब गेली की खूळ जातं. डचेस निथळत परत कोपऱ्यात. माझा शर्ट फाटला.

१ ऑगस्ट
शाळेत जन्मभर इंग्रजी शिकवलं, त्याचा उपयोग झाला. डचेस जे करते त्याचं क्रियापद ‘ब्रूड’. शब्दशः अर्थ, अंडी उबवत बसणे. लाक्षणिक अर्थ, झालंगेलं उराशी धरून कुढत बसणे. बायकोला, विनिफ्रेडला समजावलं की पहिला अर्थ कोंबड्यांचा, दुसरा दुबळ्या मनाच्या माणसांचा. ती मटार सोलत होती. म्हणाली, घरात दोन्ही आहेत की. रोख कळला नाही.

३ ऑगस्ट
खालून वारा लागावा म्हणून डचेसला जाळीच्या पिंजऱ्यात घालून सफरचंदाच्या झाडाला टांगलं. पाऊस. दोर तुटला. विनिफ्रेड चिडली. “पुरे झाला छळ, क्लेमंट! बसू दे तिला. यापुढे खुराड्याचं मी बघेन.” मोठ्या मनाने परवानगी दिली. तेवढा वेळ वाचला. प्रदर्शनात हम्फ्रीला ऐकवायचं भाषण लिहायला घेतलं.

११ ऑगस्ट
भाषण सहा पानांवर गेलं. अजून मुद्द्यावर यायचंय.

हम्फ्री कुंपणावरून बेंबीच्या देठापासून ओरडला, “छान हवा पडलीय!” मी गुलाबांकडे बघत राहिलो. त्याच्या जिव्हारी लागलं असणार. विनिफ्रेड म्हणते, तो शिट्टी वाजवत गेला. दुःख लपवायची एकेकाची तऱ्हा.

१९ ऑगस्ट, चहानंतर
विनिफ्रेडचं टुमणं. हम्फ्रीची बायको गेली, एकटाच जेवतो, रविवारी बोलाव त्याला. म्हटलं, आधी माफी. तत्त्वाचा प्रश्न आहे.

शुक्रवारचा आमचा डॉमिनोचा डाव वर्षभर बंद आहे. मला अजिबात चुकल्याचुकल्यासारखं वाटत नाही. सोंगट्या पुसून ठेवल्या. पुन्हा पुसल्या.

२४ ऑगस्ट, प्रदर्शन
अंडी नाहीत. गेलो नाही.

दुपारी खुराड्यातून चिवचिव. डचेस उठली! मागे सहा पिल्लं. विनिफ्रेडने हम्फ्रीकडची अंडी आणून तिच्याखाली ठेवली होती. माझ्या घरात, माझ्या नाकाखाली.

पिल्लं बघायला हम्फ्री स्वतः आला. मी भाषण काढलं. दुसऱ्याच वाक्याला त्याने विचारलं, “कसली तलंग?” गड्याला आठवतच नव्हतं! म्हटलं, वर्षभर अबोला धरलाय मी.

“तू बोलत नव्हतास? माझ्याशी? अरे, मला वाटलं तुला ऐकू येईनासं झालंय. म्हणून तर ओरडायचो. शुक्रवारी आलो नाही, म्हटलं कशाला बिचाऱ्याला लाजवा.”

मग हळू आवाजात, “आता येऊ का शुक्रवारी?”

मी म्हणालो, बघतो.

२५ ऑगस्ट
डचेस पिल्लं घेऊन बागभर हिंडते आहे. झालेलं काही तिच्या डोक्यात नाही. मी खुर्चीत.

‘बघतो’ कशाला म्हणालो? तो काय समजला असेल? आणि मला ऐकू येत नाही, हे त्याने गावात कोणाकोणाला सांगितलं असेल? जरा शांतपणे विचार करायला बसलो आहे.

विनिफ्रेड दारात उभी आहे. हातात गार पाण्याची बादली.