बदललेली झाकणं

प्रिय ताई,

आधी बस. बसलीस? दहावीला दोनदा आपटलेला, सात नोकऱ्या सोडलेला तुझा भाऊ काल चक्क प्रयोगशाळेतल्या मॅडमची शाबासकी घेऊन आला! हसू नकोस, पोटातलं बाळही हसेल.

मी इथे काचसामान धुतो, हे तुला ठाऊक आहे. पण खिडकीजवळच्या टेबलावर काय आहे ते सांगायचंच राहिलं. पाच काचेच्या ताटल्या आणि त्यांत बेडकाची अंडी, पारदर्शक मण्यात एकेक मोहरी ठेवावी तशी. पहिल्या ताटलीत साधं पाणी, पुढे प्रत्येकीत साखर चढत गेलेली. साखर जास्त झाली तर आतला जीव कसा वाढतो, ते मॅडम बघतायत. मी धुणं सोडून मायक्रोस्कोपला डोळा लावून बसतो. मोहरी लांबट होते, शेपटी फुटते आणि एका सकाळी, ताई, आत इवलंसं हृदय लुकलुकायला लागतं! मी असा ओरडलो की काही फुटलं समजून शिपाईकाका झाडू घेऊन धावत आले.

काल मात्र मी आधी दिवे लावले. पाणी बदलायला पाचही झाकणं एकदम काढली, तेवढ्यात खिडकीत एक मांजर आलं (काय डोळे होते त्याचे!), आणि झाकणं परत ठेवताना लक्षात आलं, कशात किती साखर त्याच्या चिठ्ठ्या झाकणांवर आहेत, ताटल्यांवर नाहीत. अंडी पुन्हा मिळणार थेट पुढच्या वर्षी! पळून जावंसं वाटलं, माझी जुनी सवय. पण सांगून टाकलं. मॅडम म्हणाल्या, "रोज डोळे फाडून बघतोस ना? मग ओळख." साध्या पाण्यातली पिल्लं लांब, सरळ शेपटीची, चपळ. साखर वाढेल तशी ती आखूड. शेवटची तर वाकडी, सुजलेली, जेमतेम हलणारी. मी झाकणं लावली. मॅडमनी साखर मोजायच्या पट्ट्या एकेका पाण्यात बुडवल्या. पाचपैकी पाच बरोबर! "गाढवा, यापुढे चिठ्ठी ताटलीला," म्हणत त्यांनी पाठ थोपटली. आणि ऐक, मधल्या ताटलीतली काही पिल्लं त्यांनी लवकर वेगळ्या भांड्यात, साध्या पाण्यात हलवली होती. ती उशिरा का होईना, पोहायला लागलीत! बेडूक म्हणजे माणूस नव्हे, असं मॅडम बजावतात. कळतं गं मला.

पण त्या पट्ट्या बघून मला तू आठवलीस. तुझ्याकडेही बोट टोचून रक्तातली साखर मोजायच्या पट्ट्यांची डबी आहे, कपाटात चादरींमागे, न फोडलेली. दाजींचा फोन आला होता. डॉक्टरांनी साखर वाढल्याचं सांगून तीन आठवडे झाले, आणि तू न मोजताच 'ठीक आहे' म्हणतेस. लहानपणी इंजेक्शनच्या रांगेतून मी पळायचो, म्हणून तू आधी दंड पुढे करायचीस. डोळे घट्ट मिटून. तूही घाबरायचीस, हे मला आत्ता कळतंय. शनिवारी सकाळच्या गाडीने येतोय. डबी बाहेर काढून ठेव. या वेळी पहिलं बोट माझं.

तुझाच,
भिरभिऱ्या